२२ लिटर दूध देणारी गाय लंगडते: तिला दुखतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. कर्नाटकाच्या सीमाभागात, निपाणी-चिकोडी पट्ट्यात तुमचा सहा संकरित गाईंचा गोठा आहे. त्यातली एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), दुसऱ्या वेताची, व्यायला तीन महिने झाले. दोन आठवड्यांपासून मागच्या डाव्या पायाने लंगडते, पण दोन्ही वेळचं मिळून २२ लिटर दूध कायम आहे आणि आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) पण चाटूनपुसून खाते. आजी आणि वडील म्हणतात, "दुखाय लागलं असतं तर दूध आखडलं असतं की. औताला जुंपायची हाय काय तिला?" तुम्हाला मात्र ते पटत नाही. म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: तिला खरंच दुखतं का, वेदनाशामक दिलं तर दूध डेअरीला घालता येईल का, आणि सरळ आटवून, म्हणजे दूध काढणं बंद करून, विश्रांती द्यावी का.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. होय, दुखतं. गाय न बघता एवढं ठाम बोलतोय, कारण लंगडणं हीच वेदनेची खूण आहे. एका पायावर वजन टाकलं की कळ येते, म्हणून जनावर तो पाय लवकर उचलतं आणि भार दुसऱ्या पायावर ढकलतं. याला अपवाद थोडे. अवघड बाळंतपणात शीर दाबली गेली तर पाय लुळा पडतो, तिथे दुखण्यापेक्षा ताकद गेलेली असते. बैलांत आणि म्हशींत गुडघ्याची वाटी वर अडकते, तेव्हा पाय मागे ताठ राहतो, फरफटतो आणि मग झटका देऊन सुटतो. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. हळूहळू सुरू झालेलं, मागच्या पायाचं, तिसऱ्या महिन्यातलं लंगडणं म्हणजे दहातल्या नऊ वेळा दुखणं खुरात असतं, आणि तेही बहुधा बाहेरच्या नखीत, म्हणजे खुराच्या दोन भागांपैकी बाहेरच्या भागात.

आता आजींच्या म्हणण्याकडे येतो. ते हसण्यावारी नेऊ नका, कारण अर्धं खरं आहे. त्यांचं आयुष्य म्हशींत आणि देशी गाईंत गेलेलं असणार. म्हशीच्या कासेत धार काढायच्या वेळी खालच्या पोकळीत जेमतेम पाच टक्के दूध उतरलेलं असतं. बाकीचं सगळं वर, बारीक नळ्यांत आणि ग्रंथींत अडकलेलं असतं. पान्हा सुटला तरच ते खाली येतं. पान्हा सुटायला ऑक्सिटोसिन लागतं, आणि भीती किंवा अचानक उठलेली कळ यांनी अंगात ॲड्रिनलिन वाढलं की ते ऑक्सिटोसिनला काम करू देत नाही. त्यामुळे सडाला चीर पडली, नवा माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, की म्हैस पान्हा चोरते आणि चरवी रिकामी राहते. अशा जनावरांवरून बांधलेला "दुखलं की दूध आखडतं" हा नियम त्यांच्यापुरता बरोबरच होता.

एचएफला तो लागू पडत नाही, याची कारणं दोन. एक तर गाईच्या कासेतल्या पोकळीत वीसेक टक्के दूध आधीच उतरलेलं असतं. शिवाय खुरातलं दुखणं रोजचं, संथ असतं. धारेच्या वेळी दचकवणारी नवी कळ त्यात नसते, त्यामुळे पान्हा सुटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही गाय अशी घडवली आहे की व्यायल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने तिच्या शरीरात कासेचा हक्क सगळ्यात आधी असतो. दूध साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर पोचतं, पण तेवढं खायची भूक त्यानंतर येते. मधली तूट ती पाठीवरच्या चरबीतून भरून काढते. खाणं कमी पडलं, ताप आला, पाय दुखला, तरी कास आपला वाटा घेतच राहते. दूध घटायला लागतं ते बाकीचं शरीर बरंच झिजल्यावर.

म्हणून मी शेतकऱ्यांना सांगतो, डेअरीच्या पावतीवर कासेचा हिशेब असतो, गाईचा नसतो. दूध घटणं ही उशिरा येणारी खूण आहे. तुमच्या गाईचं दूध आजही टिकून आहे म्हणजे तुम्ही वेळेत विचारलंय, इतकाच त्याचा अर्थ.

शिवाय "दूध कमी झालं नाही" हेही पुरतं खरं नसतं. २००२ साली ब्रिटनमधल्या दुभत्या गाईंवरचा एक अभ्यास आला. त्यात लंगडणाऱ्या गाई या मुळात कळपातल्या जास्त दुधाच्याच गाई होत्या. लंगडेपणा लक्षात यायच्या आधी चार महिन्यांपासून त्यांचं दूध त्यांच्या कुवतीपेक्षा कमी पडत होतं आणि उपचारानंतरही पाचेक महिने कमीच राहिलं. एका वेताचा हिशेब केला तर ही तूट ३६० किलोच्या आसपास होती. गोठ्यातल्या माणसाला मात्र ती गाय शेजारणीपेक्षा जास्तच दूध देताना दिसत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वडिलांना पटवायचं असेल तर हे सांगा. तुमची गाय २२ देते, पण पाय धड असता तर कदाचित २४-२५ वर गेली असती.

आता तिसऱ्या महिन्याचीच गोष्ट का. खुराच्या आत, हाडाच्या खाली, चरबीची एक गादी असते. चालताना बसणारा दणका ती झेलते. व्यायल्यावर गाय पाठीवरची चरबी जाळते तशी या गादीतलीही चरबी कमी होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी ती मोजली, तेव्हा व्यायल्यानंतर चौथ्या महिन्याच्या सुमारास ती सगळ्यात पातळ सापडली आणि हडकलेल्या गाईंत आणखी पातळ. गादी विरली की हाडाचं टोक तळव्याच्या आतल्या मऊ थरावर दाबतं, तिथे रक्त साकळतं आणि पुढे जखम होते. वरून खूर नुसतं मळलेलं दिसतं.

म्हणजे इथे दूध आणि दुखणं यांचं नातं थेट आहे. दूध जास्त म्हणून झीज जास्त, झीज जास्त म्हणून पाय उघडा पडला. यावरून कुणी म्हणेल की जास्त दूध घेणं हीच क्रूरता. मला तसं वाटत नाही. २२ लिटरच्या गाईला २२ लिटरचा चारा, कोरडी मऊ जागा आणि चालायला मोकळीक मिळाली तर ती सुखात राहू शकते, असे गोठे आपल्याच भागात आहेत. उलट दोन लिटर देणारी गाय गोचिडांनी भरलेली, बरगड्या मोजता येतील अशी, रस्त्यावर पिशव्या चघळतानाही बघतो आपण. माझा आक्षेप १२ लिटरच्या सोयीत २२ लिटर काढण्याला आहे. आपल्याकडे जात बदलली, गोठा बदलला नाही. आखूड दावं, उताराची कोबा केलेली जमीन, दिवसातून दोनदा घमेलंभर आंबोण. म्हशीने हे सोसलं. एचएफचे पाय ते सोसत नाहीत.

परिस्थितीप्रमाणे कारण बदलतं, हेही लक्षात ठेवा. खानापूरकडे कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात जमीन महिनोन्‌महिने ओली. तिथे खूर भिजून मऊ पडतं, नख्यांच्या बेचक्यात कुजतं, खडा रुततो. अथणी-रायबागकडे ऊन. तिथे गाय उष्म्याने तासन्‌तास उभी राहते, कारण उभं राहिलं की अंगाला वारा लागतो, आणि तेवढा वेळ भार पायांवर. तुमच्या पट्ट्यात उसाचा प्रश्न. तोडणीच्या हंगामात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळतं, म्हणून दोन्ही वेळ तेच गव्हाणीत पडतं. वाड्यात ऑक्झालेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि प्रथिनं कमी. मग दूध टिकवायला वरून आंबोण वाढवलं जातं. एका वेळी चार-साडेचार किलो आंबोण पोटात गेलं की कोठीपोटात आम्लता होते, शेण पातळ होतं आणि खुराच्या आतला थर सुजतो. दुखणं पायात दिसलं तरी त्याची सुरुवात पोटातून झालेली असू शकते.

गाय बघायची कशी ते सांगतो, कारण दाव्याला बांधलेल्या गाईचं लंगडणं लपून राहतं. दावं सोडा आणि सपाट, न घसरणाऱ्या जागेवर पंधरा-वीस पावलं तिच्या चालीने चालू द्या. तुम्ही बाजूने पाठीची रेघ बघा. उभी असताना पाठ सरळ आणि चालताना कमानीसारखी वर आली, तर सुरुवात आहे. उभी असतानाही कमान असेल तर दुखणं पुढे गेलंय. पुढचा पाय दुखत असेल तर पावलागणिक मान वर-खाली होते. नंतर मागून बघा. बाहेरची नखी दुखते तेव्हा गाय पाय बाहेर फेकते, खुरांची टोकं बाहेर वळवते, म्हणजे भार आतल्या नखीवर जावा.

मग गोठ्यात गुपचूप बसून बघा. मोबाईल खिशात ठेवा. धड गाय चोवीस तासांत दहा-बारा तास बसते आणि सात-आठ तास रवंथ करते. पाय दुखणारी एक तर बसली की उठतच नाही, नाहीतर उठताना कळ येते म्हणून बसायचंच टाळते. दोन्ही वाईट. ती गव्हाणीवर किती वेळा येते तेही बघा. दुखणारी कमी वेळा येते आणि आली की भराभर गिळते. आंबोण चाटूनपुसून खाते हे तुम्ही चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय. मला मात्र कडबा किती उरतो ते जास्त कळायला हवं. आंबोण दुखण्यातही जातं, उभं राहून चघळायची वैरण मागे पडते.

चेहराही बोलतो. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गाईच्या वेदनेची मोजपट्टी केली. त्यात कान मागे किंवा खाली पडलेले, डोळ्यांवर आणि नाकपुड्यांवर ताण, मान खाली, आजूबाजूला लक्ष नाही, अशा खुणा घेतल्यात. जुनी माणसं याला "जनावर उतरलंय" म्हणतात, आणि ते बहुतेकदा बरोबर ओळखतात. त्यांची नजर पक्की असते. अडचण इतकीच की दुधाचा आकडा दिसला की ती माणसं स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवत नाहीत.

हे गाईपुरतंच नाही. आपण जनावराकडे कधी धावतो, बघा. दूध घटलं की रात्री अकराला फोन. भाकड म्हशीच्या पायात किडे पडले तर "बघू उद्या". एचएफच्या नर वासराचं तर नावच नको. ऊस वाहणाऱ्या बैलांचा खांदा हंगामात सुजतो, सोलतो, आणि त्याच खांद्यावर दुसऱ्या दिवशी जू ठेवलं जातं, कारण गाडीवानाला पैसे टनावर मिळतात. त्या गाडीवानाला मी दोष देत नाही, त्याच्या स्वतःच्या खांद्याची अवस्था फार वेगळी नसते. पण बेंदराला शिंगं रंगवताना तोच खांदा कुणी बोटांनी दाबून बघत नाही, याचं वाईट वाटतं.

बरं, तुमच्या गाईचं करायचं काय.

पहिलं म्हणजे पाय उचलून बघणं. व्हिडिओवर किंवा फोनवर हे होत नाही. तिला भक्कम आडोशाला बांधून, मागच्या पायाला रुंद पट्टा लावून, आढ्यावरून दोर घेऊन पाय वर घेतला जातो. बारीक दोर वापरू नका, तो कापतो. खूर धुऊन शेण काढलं की तळवा नुसता पिवळट-राखी दिसतो आणि घरची माणसं म्हणतात, "काय न्हाय की इथं." मग खूरचाकूने पातळ पापुद्रा काढायचा, आणखी एक, आणखी एक. बाहेरच्या नखीत, तळवा आणि टाच जिथे मिळतात तिथे, गुलाबी ठिपका दिसायला लागतो. पुढच्या पापुद्र्याला तो लाल होतो. त्यावर अंगठा दाबला की आतापर्यंत शांत उभी असलेली गाय अख्खा पाय हिसडते. तिथे सगळ्यांना उत्तर मिळतं, मला बोलावं लागत नाही.

त्यापुढचं काम म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. दुखऱ्या नखीची टाच खाली घ्यायची, सुटलेलं खूर काढून टाकायचं, आणि त्याच पायाच्या धड नखीला खास चिकट लुगदीने लाकडी किंवा रबरी ठोकळा लावायचा. आता गाय ठोकळ्यावर उभी राहते आणि दुखरी नखी अधांतरी राहते. बऱ्याच गाई पाय खाली टेकवल्या टेकवल्या वेगळ्या चालतात. हे काम खूर साळायचं (तासायचं) शिक्षण घेतलेल्या माणसाकडून किंवा डॉक्टरकडूनच करून घ्या. बैलाला पत्री (लोखंडी नाल) मारणारा माणूस हाताने तयार असतो, पण त्याचं काम खूर घट्ट करायचं. इथे काढायचं किती आणि थांबायचं कुठे, हा प्रश्न वेगळा आहे. जास्त कापलं तर रक्त येतं आणि महिन्याचं काम दोन महिन्यांवर जातं.

घाई का करतोय तेही सांगतो. इंग्लंडात नॉटिंगहॅम विद्यापीठाने २०१५ मध्ये नुकत्याच लंगडायला लागलेल्या गाईंवर चाचणी घेतली. नुसतं खूर साळणं, साळून ठोकळा, साळून वेदनाशामक, आणि तिन्ही एकत्र, असे गट केले. तिन्ही एकत्र मिळालेल्या गाई सगळ्यात जास्त संख्येने धड चालायला लागल्या. त्याच गटाने नंतर जुनाट लंगड्या गाईंवर हेच केलं, तेव्हा कुठल्याच उपचाराला म्हणावं तसं यश आलं नाही. फार दिवस सूज राहिली की आतल्या हाडालाच खडबडीत वाढ होते आणि ती परत गुळगुळीत होत नाही. दोन आठवडे म्हणजे तुम्ही अजून पहिल्या गटात आहात.

एक गोष्ट अजिबात करू देऊ नका. कुणीतरी डाग द्यायला किंवा बिब्बा लावायला सांगेल. आपल्या भागात सांध्यावर तापल्या लोखंडाच्या रेघा ओढलेली जनावरं अजून बघायला मिळतात. डागल्यावर गाय बरी चालते असं वाटतं, कारण नवीन भाजल्याच्या वेदनेपुढे जुनी काही दिवस मागे पडते. शिवाय डागल्यावर जनावराला मालक आठवडाभर विश्रांती देतो. बरं वाटतं ते त्या विश्रांतीने. खुरातली जखम जागच्या जागी राहते आणि वर एक भाजल्याची जखम वाढते.

मोरचुदाबद्दलही (कॉपर सल्फेट) लोक विचारतात. ५ टक्के मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवणं नख्यांच्या बेचक्यातल्या संसर्गजन्य दुखण्यांत उपयोगी आहे. तळव्याच्या आतल्या जखमेला त्याने काही होत नाही, उघड्या जखमेला उलट झोंबतं.

आता दुसरा प्रश्न, वेदनाशामक आणि दूध. इथे गोड बोलून चालणार नाही, कारण पैशाचा सवाल आहे. २०१२ पासून आपल्या औषध नियमांत आहे की दूध, अंडी, मांस देणाऱ्या जनावरांच्या औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस वगळायचं ते छापलेलं असावं, आणि त्या औषधासाठी वेगळा कालावधी तपासून ठरवलेला नसेल तर दुधाला किमान ७ दिवस धरावेत. युरोपात मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाच्या इंजेक्शनला दुधासाठी ५ दिवस आहेत. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा आणि तेच पाळा. ७ दिवस धरले तर २२ च्या हिशेबाने १५४ लिटर दूध जातं. हा आकडा डोळ्यांपुढे आला की मालक म्हणतो, "राहू द्या डॉक्टर, सोसंल ती." गाईच्या वेदनेचं ओझं गाईवरच राहतं ते या हिशेबामुळे. निर्दयपणा त्यात क्वचितच असतो.

माझा स्वतःचा क्रम असा आहे. आधी खूर साळणं आणि ठोकळा. भार काढणं हेच निम्म्याहून जास्त वेदनाशामक आहे आणि त्यात दुधाचा एक थेंब वाया जात नाही. साळताना जखम खोल निघाली, मांस वर आलं असेल, पाठ उभ्यानेही कमान असेल, तर औषध द्यायलाच हवं, दूध गेलं तरी. आणि नुसता लाल ठिपका असेल? नॉटिंगहॅमचा निकाल बघता तिथेही औषधाने फायदा आहेच. तो फायदा आणि दुधाचा तोटा मालकासमोर मांडून निर्णय मी त्याच्यावर सोडतो. मात्र औषध दिलं आणि दूध गुपचूप डेअरीला घातलं, याला माझी संमती कधीच नाही. प्रतिजैविक दिलं असेल तर ते दूध वासरालाही पाजू नका.

औषध कुठलं, हेही महत्त्वाचं. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतील अशी अपेक्षा आहे. मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफिनॅक आणून टोचणारे अजून भेटतात. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण डायक्लोफिनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. देशातली गिधाडं त्यानेच संपत आली. लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना वापरायचे, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. नॉटिंगहॅमच्या चाचणीत किटोप्रोफेनच वापरलं होतं, ते आपल्याला आता चालत नाही, त्याच कामाला मेलॉक्सिकॅम आहे.

तिसरा प्रश्न आटवण्याचा. नका आटवू. २२ लिटरवर असलेली गाय एकदम आटवली तर कास दगडासारखी तटतटते, तेही दुखतं, सड गळतात आणि त्यातून कासदाह शिरतो. म्हणजे पायाचं दुखणं कमी करायला कासेचं दुखणं विकत घेतलंत. शिवाय व्यायला तीनच महिने झालेत, गाभण आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. रिकामी गाय आटवून बसवली की अंगावर चरबी चढते आणि पुढच्या विताला किटोसिससारख्या (अंगातली चरबी जास्त जळून होणारा आजार) भानगडी मागे लागतात. आटवायची ती पुढच्या विताआधी दोन महिने, नेहमीप्रमाणे. आत्ता विश्रांती द्यायची ती पायाला.

त्यासाठी तुमच्याकडे सगळं आहे. उसाचं पाचट जाळू नका, तिच्या जागेवर वीतभर जाड अंथरा आणि ओलं झालेलं रोज काढा. रबरी चटई असली तरी वर पाचट घालाच. दावं लांब करा. त्याहून बरं म्हणजे गोठ्यामागे मातीच्या जागेला कुंपण घालून तिला मोकळी सोडा, पाणी आणि सावली तिथेच. आंबोण तेवढंच ठेवा पण तीन-चार वेळा विभागून द्या, आणि दर वेळी आधी कडबा किंवा मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), मागून आंबोण. वाडं एकूण वैरणीचा एक भागच ठेवा. खाण्याचा सोडा दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास आंबोणात चालतो. बाकीच्या पाच गाईंनाही हेच लागू आहे, कारण दुखण्याचं मूळ गोठ्यात असेल तर पुढची पाळी त्यांची.

गाय भरवण्याची, म्हणजे रेतनाची, घाईही करू नका. पाय दुखणारी गाय माजावर आली तरी दुसरीवर चढत नाही, दुसरी अंगावर आली तर उभी राहत नाही. माज दिसत नाही, चुकीच्या वेळी रेतन होतं, आणि दोन वेळा असं झालं की "गाय उलटते", म्हणजे गाभण राहत नाही, असा शिक्का बसतो. मग गर्भाशयाची औषधं सुरू होतात, खुराकडे कुणी बघत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. ताप, तोंडातून तारा सुटणारी लाळ, एकापेक्षा जास्त पायांवर लंगडणं, नख्यांच्या बेचक्यात फोड: ही लाळ-खुरकूत असू शकते. लसीच्या कन्नड पत्रकात जो कालुबायी रोग म्हणतात तोच हा. तेव्हा गोठ्यातलं एकही जनावर बाजारात नेऊ नका, सीमेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. तुमच्या गाईंच्या कानात १२ अंकी बिल्ला असेल तर लसीची नोंद त्यावर निघते. दुसरी खूण म्हणजे खुराच्या वर सांधा गरम आणि टणक सुजलेला. तिसरी, पाय जमिनीला टेकवतच नाही, हाड मोडल्यासारखी तीन पायांवर उभी. यांत ठोकळ्याची वाट बघायची नसते. जवळचा दवाखाना बंद असेल तर १९६२ वर फोन करा, फिरता दवाखाना येतो.

शेवटी वडिलांच्या मनातली पण तुम्ही न लिहिलेली शंका. नाहीच बरी झाली तर? २०२० च्या कायद्यानंतर कर्नाटकात गाय कुठल्याही वयात कत्तलीला देता येत नाही, त्यामुळे कायमची लंगडी, भाकड गाय घेणारा मिळणं अवघड. ती गोठ्यातच राहते, वर्षानुवर्षं, दुखऱ्या पायावर, आणि तिचा चारा दुभत्या गाईंच्या दुधातून जातो. भावना बाजूला ठेवून नुसता हिशेब केला तरी आत्ताचा खर्च, म्हणजे साळणं, ठोकळा आणि कदाचित आठवड्याचं दूध, त्यापुढे काहीच नाही.

ठोकळा लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला परत तशीच चालवून बाजूने आणि मागून बघा. चाल सुधारली नसेल तर पाय पुन्हा उचलून घ्या, आत पू कोंडला असेल. सुधारली असेल तर चार ते सहा आठवड्यांनी ठोकळा काढायचा, पडायची वाट बघू नका, कारण झिजून वाकडा झालेला ठोकळा धड नखीलाच दुखवतो. त्याच वेळी बाकीच्या पाच गाईंचेही पाय साळून घ्या. पुढे प्रत्येकीचे आटवताना एकदा आणि व्यायल्यावर तिसऱ्या महिन्यात एकदा.